वाट वाकडी करून

सोनपेठ,
१८ फेब्रुवारी

प्रिय धना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या काळजात आधी धस्स होईल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरात सगळे खुशाल आहेत. अप्पांची शुगर ताब्यात आहे. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. तुझा नंबर माझ्याकडे आहे, पण फोन लावला की आपण दोघी रडतो आणि बोलायचं तसंच राहतं. तीन वेळा असं झालं. म्हणून या वेळी कागद घेतला. कागदावर रडलं तरी पुढची ओळ लिहिता येते.

आम्ही गाडी घेतल्याचं तुला शिवकांतनं सांगितलं असेलच. तुझ्या भावाला आधी वाटलं, अप्पांनी माल वाहायला टेम्पो घेतला. पण कापडाचं दुकान तर अप्पांनी तीन वर्षांपूर्वीच तुझ्या चुलतभावाच्या, शिवकुमारच्या हाती सोपवलं. पस्तीस वर्षं मीटरची पट्टी हातात धरलेला माणूस घरी बसून करणार काय? दिवसभर मोबाइलवर बघत बसायचे. कुणी गाडीतच घर केलंय, कुणी नदीकाठाला गाडी लावून चहा उकळतंय. एक दिवस मला म्हणाले, “भागम्मा, परळी अन् कपिलधारच्या पल्याड आपुन काय बघितलंय सांग बरं?” मी म्हटलं, आता या वयात काय बघायचं राहिलंय? झालं. दोन महिन्यांत दारात एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर येऊन उभी राहिली. आतल्या सीटा काढलेल्या, नुसता रिकामा डबा.

परभणीत कामाला दिली तेव्हा अप्पा रोज सकाळच्या एसटीनं जायचे आणि मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहायचे. एका बाजूला पलंग, पलंगाखाली पेट्या. मागच्या दाराशी दोन बर्नरची शेगडी, खाली शंभर लिटरची पाण्याची टाकी, टपावर सोलरची प्लेट. भिंतीला एक फळी, ती खाली पाडली की जेवायचं टेबल, आणि सकाळी अप्पांची पूजा त्याच फळीवर. पडदे मी माझ्या जुन्या इरकलींचे शिवले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, “एवढं घर असून गाडीत ऱ्हायलेत, येड लागलं का काय!” मलाही तसंच वाटत होतं. अप्पांनी गाडीचं नाव ठेवलं ‘बिऱ्हाड’. मागच्या काचेवर पेंटरकडून लिहूनही घेतलं.

पिंगळीचे दिनकरराव आहेत, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांची अशीच गाडी आमच्या आधीपासून आहे. त्यांनी अप्पांना सगळं शिकवलं. गाडी लावताना आधी उतार बघायचा, मग सावली, आणि कुत्री कुठं बसलीत तेही बघायचं. त्यांच्या कस्तुराबाईंनी मला शिकवलं की भांडं आधी कागदानं पुसायचं, मग एका तांब्यात धुवायचं. पहिल्या मुक्कामाला मी घरच्यासारखं पाणी वापरलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीनं ठणठण केलं. तेव्हापासून अप्पा स्वतः भांडी धुतात. खरं सांगते. चाळीस वर्षं जेवल्या ताटावरून उठून गेलेला माणूस आता म्हणतो, “तू लय पाणी सांडतीस, सर तिकडं.”

धना, या गाडीत राहणं लय वेगळं असतं बघ. घरी आम्ही दोघं होतो तरी दोघं नव्हतो. ते बैठकीत, मी आत. जेवायच्या वेळेला हाक मारायची, एवढंच. गाडीत आठ पावलांत सगळा संसार. भांडण झालं तर जायला दुसरी खोली नाही. पहिल्यांदा भांडलो तेव्हा अप्पा रागानं दार उघडून खाली उतरले, आणि बाहेर पाऊस म्हणून तसेच परत वर आले. दोघंही हसलो. मग भिजलेलं डोकं त्यांनी माझ्या पदरानं पुसलं. तू असतीस तर तुलाही हसू आवरलं नसतं.

खूप फिरलो. औंढ्याला गेलो, वेरूळला गेलो, नांदेडला गोदावरीकाठी राहिलो. पैठणला धरणापाशी चार दिवस गाडी हलवली नाही. सकाळी मी दारात बसून ज्वारीच्या भाकरी थापायची आणि फिरायला आलेली माणसं थांबून विचारायची, ‘मावशी, कुठल्या?’ मी म्हणायची, परभणी जिल्ह्यातली. एक पुण्याची मुलगी भाकरी आणि ठेचा खाऊन गेली, दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना घेऊन आली. तिचे केस तुझ्यासारखे होते, कपाळावर येणारे. मी तिला दोन भाकरी जास्तच वाढल्या.

आता एक गोष्ट सांगते, ती मला उशिरा कळली. पहिल्यांदा वेरूळला निघालो तेव्हा मला वाटलं, पाथरी-सेलूवरून जाऊ. अप्पांनी गाडी परभणीकडे घेतली आणि जिंतूरच्या रस्त्याला लावली. म्हणाले, “तिकडं खड्डे हायत.” चारठाणा फाट्यावर चहाला थांबलो. चहा दोन मिनिटांत झाला, पण अप्पांनी घडीची खुर्ची काढली आणि गावाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून दीड तास बसले. मी विचारलं, काय बघायलाव? म्हणाले, “इंजन गार होऊ दे.” पुढे औंढ्याहून येतानाही तिथंच. मला तेव्हाही काही वाटलं नाही, किंवा मी वाटू दिलं नाही. आपल्या घरात सहा वर्षं त्या गावाचं नाव कुणी काढत नव्हतं, तुला माहीत आहे.

मग मागच्या दिवाळीनंतर कूडलसंगमला निघालो. दिनकररावांची गाडीही सोबत होती. ते दोघं गंगाखेडला वाट बघत थांबलेले, आणि अप्पा निघाले परभणीकडे. दिनकररावांचा फोन आला. फोन मोठ्यावर होता म्हणून मला ऐकू आलं, “अहो गुरुसिद्धप्पा, कर्नाटक दक्षिणेला हाय. तुमी उत्तरेला कुठं निघालाव?” अप्पा म्हणाले, “एक काम हाय, तुमी व्हा पुढं. उद्या गाठतो.” सव्वाशे किलोमीटर उलटं जाऊन त्याच फाट्यावर गाडी लावली. तीच खुर्ची. शाळा सुटायची वेळ होती. गावाकडून एक स्कूटी आली, हेल्मेट घातलेली बाई होती, आणि अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. ती तू नव्हतीस, कुणी दुसरीच निघाली. अप्पा पुन्हा बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या वेळी मला सगळं कळलं. पण मीही काही बोलले नाही. खुर्ची घडी करून आत ठेवली आणि म्हटलं, चला, दिनकरराव वाट बघत असतील.

मी का बोलले नाही, ते सांगायला हवं. तू आणि सिद्धोधन कोर्टातून लग्न करून दारात उभे राहिलात, तेव्हा अप्पा म्हणाले ते तू ऐकलंस. ‘ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई.’ ते बोलणं अप्पांचं होतं. पण मी कुठं होते? मी आत होते, गॅससमोर. तुझा आवाज मला ऐकू येत होता. तू दोनदा ‘अव्वा’ म्हणून हाक मारलीस. दोनदाच. मी दूध उतू जाईल म्हणून उभी राहिले, असं मनाला सांगत राहिले. गॅसवर दूध नव्हतं, धना. गॅस बंद होता. तू गेल्यावर मी बाहेर आले. गावात, पाहुण्यांत सगळे अप्पांना कठोर म्हणाले आणि मी बिचारी ठरले. मी ते ठरू दिलं.

आता गेल्या महिन्यातलं. संक्रांत झाल्यावर लोणारला निघालो. फाटा आला आणि अप्पांनी गाडी थांबवलीच नाही, सरळ आत वळवली. “जुनी देवळं बघू,” म्हणाले, माझ्याकडे न बघता. देवळाजवळच्या मोकळ्या जागेत बिऱ्हाड लावलं. अर्ध्या तासात निम्मं गाव गोळा झालं. पोरं चाकांखाली वाकून बघत होती. त्यात पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई आल्या, हाताला चार-साडेचार वर्षांची एक पोरगी. पोरगी कुणाला न विचारता पायरी चढून आत आली, पलंगावर बसली आणि अप्पांना म्हणाली, “आजोबा, तुमचं घर रातच्याला पळून जातं का?” अप्पा म्हणाले, “न्हाई, चाकाखाली दगड लावतो.” तिनं खाली उतरून दगड बघितला आणि मगच तिळाचा लाडू घेतला. अप्पांनी नाव विचारलं. म्हणाली, उत्पला. आणि लगेच, “माझी आई शाळेत बाई हाय. धनश्री बाई. आज ट्रेनिंगला गेली.”

अप्पांच्या हातातला डबा तसाच राहिला. मी त्या बाईंकडे बघितलं. त्या पायरीवर माझ्याशेजारी टेकल्या होत्या. हळूच म्हणाल्या, “मी धम्मशीला. सिद्धोधनची आई. आमच्या पोरानं तुमाला फाट्यावर तीनदा बघितलंय, ताई. मी म्हणलं, जाऊन बोल की. तर म्हणला, त्यांच्या पायानं येतील तवा बोलू, आधी बोललो तर लाजतील. आज गाडी गावात आली म्हणून पोरीला घेऊन मीच आले.” मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

तेवढ्यात अप्पा खाली उतरले. मला वाटलं, आता काय होतंय! अप्पा म्हणाले, “टाकी रिकामी झालीय. तुमच्या घरून पाणी मिळंल का?” टाकी रिकामी नव्हती, मीच सकाळी परभणीत भरून घेतली होती. पण अप्पांनी खालची तोटी उघडली आणि सगळं पाणी मातीत सोडलं. धम्मशीलाबाईंनी ते बघितलं. घरी जाऊन शेजारच्या दोन पोरी घेऊन आल्या, चार घागरी आणल्या. पहिल्या घागरीतलं पाणी अप्पांनी तांब्यात घेतलं आणि उभ्या उभ्या प्याले. निघताना हात जोडून म्हणाले, “येतो, विहीणबाई.” लोणारला तीन दिवस तेच पाणी पुरलं. सकाळी पूजेलाही अप्पांनी तेच घेतलं.

तळ्याच्या काठावर दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटपून अप्पा बसले होते. कपाळावरची विभूती अजून ओली होती. म्हणाले, “पोरीचं नाक माझ्या आईचं हाय.” मी हो म्हटलं. मग म्हणाले, “माझं चुकलं, असं तुला वाटतं का ग?” घरी असते तर मी उठून आत गेले असते. इथं कुठं जाणार? मी त्यांना गॅसचं सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “मला वाटायचं, मी एकटाच हाय.”

धम्मशीलाबाईंनी तुला काही सांगितलं नसेल. त्या निघताना मला म्हणाल्या होत्या, “मी सांगणार न्हाई, ताई. तुमीच सांगा.” उत्पलानं मात्र चाकांच्या घराचं आणि लाडवाचं सांगितलं असेलच. आता सांगितलं मीच.

आणि हे पत्र कशासाठी, तर अप्पांना तुला एक विचारायचं आहे आणि त्यांना ते फोनवर जमत नाही. शिवकांत म्हणाला, तिलाच सोनपेठला बोलवा. अप्पा म्हणाले, “दार आपुन लावलं, आता आपुनच तिच्या दारात जाऊन उभं ऱ्हावं.” तर त्यांनी विचारलंय, तुमच्या घरासमोर गाडी उभी राहील एवढी जागा आहे का? आता मी लिहिते आहे आणि ते अंगणातून तिसऱ्यांदा विचारताहेत, “उंची लिहिलीस का? साडेनऊ फूट. वायर खाली असंल तर अडकंल.” लिहिली म्हणते. धना, तुझं मन होत नसेल तर तसं लिही, आम्हाला राग येणार नाही, तो हक्क आमचा राहिला नाही. मन झालं तर महाशिवरात्र झाल्यावर कोणत्याही दिवशी येऊ. आणि तुमची गल्ली अरुंद असली तर त्याची फिकीर करू नकोस. गाडी बाहेर ठेवून आम्ही दोघं पायी येऊ.

तुझीच,
अव्वा