चौपन्नची का चौसष्टची?

आर्णी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

श्रीयुत डोमाजीराव, मुक्काम ढाणकी, यांच्या सेवेशी आर्णीहून फुलसिंगचा मानाचा जयभीम, अन् घरच्या सगळ्यांकडून जय सेवालाल. आपली प्रकृती, गुडघे, सोयाबीन आणि नातवंडं कशी आहेत ते सवडीनं कळवावं. इकडे सर्व क्षेम आहे (म्हणजे आमच्या सौभाग्यवती बिजलीबाई कालपासून माह्याशी बोलून राह्यली नाही, बाकी सर्व क्षेम). एवढं शुद्ध मराठी बस झालं बाप्पा. पुढचं आपल्या बोलीत लिहितो, नाहीतर तुले वाटन का बँकेतून पत्र आलं.

तू म्हणशीन, या जमान्यात पत्र कायले? अबे, फोनवर तुह्याशी बोलणं म्हंजे विहिरीत दगड टाकणं आहे. मागच्या खेपेले मी म्हणलं तब्येत जप, तर तू म्हणे कापूस इतक्यात विकत नाही. व्हॉट्सॲपवर मी गाणं पाठवलं, तर तू हात जोडल्याचं चित्र पाठवलं, जसं काही मी निवडणुकीले उभा आहो. शेवटी रुपालीले फोन लावला (तुही सून गुणाची पोरगी आहे, तिच्यावर डाफरू नको). ती सांगे, बाबानं कानाची मशीन डब्बीत घालून आलमारीत ठेवली, ओट्यावर बसणं सोडलं, गल्लीतून वाजंत्री चालली का दार लावून घेतात, अन् कोणी गाण्याचं नाव काढलं का म्हणतात, तो डोमाजी मेला. वारे वा! मेला, तर मले निरोप काहून नाही आला? पंधरा वर्षं ज्यानं माह्या बेसूर गाण्याले सुरात धरून ठेवलं, तो असा दाराआड मरते का? पण जाऊ दे, त्यासाठी मी लिहून राह्यलो नाही. मले गिटारीबद्दल सल्ला पाहिजे.

झालं असं का मी नागपूरले गेलतो कवळी बसवाले. (हो, वरचे अन् खालचे दोन्ही गेले. आता मी हासलो का पोट्टे म्हणतात, आजोबाचे दात किती पांढरे! जशी काही माही पुण्याई आहे.) दवाखान्यातून बाहेर पडलो, तोंडात नवे दात कडकड करून राह्यले, अन् समोर वाद्याचं दुकान. काचेमागं एक पिवळी गिटार टांगलेली. कडेचा रंग उडालेला, जेथी मनगट टेकते तेथी लाकूड उघडं पडलेलं. डोमाजी, मी रस्त्यातच उभा राह्यलो. मागून एक ऑटोवाला माह्या खानदानाचा उद्धार करून गेला, तरी मी हाललो नाही. मले वाटलं तुहीच गिटार! मग याद आलं का तुही तर कधीच गुदामात ठेवल्या ठेवल्या वाळवीनं खाल्ली.

आत गेलो. केसाची बुचडी बांधलेला दुकानदार म्हणे, काका, ही विंटेज आहे. मी म्हणलं, किती जुनी? म्हणे, मागच्या महिन्यात आली. मी म्हणलं, मग रंग कोणं उडवला? म्हणे, कारखान्यातच उडवतात, त्याचे जास्तीचे पैसे पडतात. ऐकलं का? आपल्याले रंग उडवाले पंधरा वर्षं लागले, धुळीत, जीपच्या टपावर, मांडवाच्या बांबूले घासून, अन् कोणं चहाही जास्तीचा पाजला नाही! तसं पाह्यलं तर माह्या घरातलं समदं सामान विंटेज आहे. मी अन् बिजलीबाई तर पहिल्या नंबरचे.

तर त्याच्यापाशी दोन जातीच्या होत्या. ही पिवळी, चौपन्न सालच्या नमुन्याची. मान जाडजूड, कुऱ्हाडीच्या दांड्यावानी हात भरून येते. आवाज कोरडा, खणखणीत, जसा तू घाईच्या गाण्यात काढे. दुसरी लाल, चौसष्टच्या नमुन्याची. मान बारीक, अंगाले गोलाई, पोटाजवळ लाकूड कोरलेलं (ढेरी बसावी म्हणून, असं दुकानदार म्हणे, अन् त्यानं माह्याकडं पाह्यलं), अन् खाली एक लोखंडी दांडी. ती दाबली का सूर पाण्यावानी हालते. मी गाण्याचे बोल विसरलो का तू असाच सूर हालवत राहे, माही याद परत येईपर्यंत. लोकाइले वाटे गाणंच तसं आहे. आता सांग, कोणती घ्या? चौपन्नची माह्या जन्मसालाची, म्हणून जीव तिकडं ओढते. अन् लालकडं पाह्यलं का जीव इकडं येते. मी दुकानात तासभर असा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरलो. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणे, काका, दोन्ही घेऊन जा, घरी वाजवून पाहा, एक ठेवा अन् दुसरी जशी नेली तशी आणून द्या. (पैसे दोन्हीचे ठेवून घेतले. भला असला तरी दुकानदार आहे.) 'जशी नेली तशी' हे शब्द ध्यानात ठेवजो.

घरी आलो. बिजलीबाईनं पिवळीकडं पाह्यलं अन् आमच्या बंजारा गोरबोलीत जे काही म्हणली ते येथी लिहिण्यासारखं नाही. मतलब एवढाच का कोणाच्या उकिरड्यावरून हे उचलून आणलं. मी तिकडं ध्यान दिलं नाही, पिवळी ॲम्प्लिफायरच्या पेटीले जोडली, तर भणभण सुरू. जुन्या नमुन्याचा तो गुणच आहे म्हणे. शेजारचे पंजाबराव विचाराले आले का घरात पीठगिरणी टाकली काय. पण ते भणभण ऐकून मले रडू आलं, डोमाजी. खरंच सांगतो, खुर्चीत बसून रडलो. आपला सप्तसूर ऑर्केस्ट्रा (सूर चारच होते, पण बॅनर आधीच रंगवून झालता) सुरू व्हायच्या आधी हेच भणभण येत राहे ना? ट्यूबलाइट लुकलुक करून राह्यली, पोट्टे पुढच्या सतरंजीवर भांडून राह्यले, नवरदेवाचा मामा फर्माईशीची चिठ्ठी घेऊन मधात घुसला, अन् त्या भणभणीतून तू पहिला सूर काढे. टाळ्या मले पडत. पण माहा सूर कोठी हरवला ते फक्त तुले माहीत राहे, अन् तू त्याच्या मागं जाऊन त्याले घरी घेऊन येत राहे.

दारव्ह्याचं लग्न याद आहे का? जनरेटर मांडवाच्या बुडाशीच ठेवलेलं. एकमेकाचं बोलणं ऐकू येईना, तर गिटार सुरात कशी लावा? तू नेहमीसारखा खालचा जबडा गिटारीच्या लाकडाले टेकवला, डोळे मिटले अन् खुंट्या पिळत बसला. कान कामाचे नसले का हाड ऐकते, असं तू म्हणे. नवरीच्या बापानं लांबून पाह्यलं अन् त्याले वाटलं, पोरगा भुकेनं बाजा चावून राह्यला! बिचारा धावत गेला, आचाऱ्याले शिव्या घातल्या अन् परातभर बुंदी आणून तुह्यासमोर ठेवली. हात जोडून म्हणे, बाबू, हे खा, ते सोड. त्याच्यानंतर दर लग्नात तुले भूक लागली का तू जबडा टेकवे, गिटार सुरात असली तरी. अन् मी मुख्य गायक असून मले मात्र पंगतीची वाट पाहा लागे.

तर लवकर कळव, चौपन्नची ठेवू का चौसष्टची? म्हातारपणी आपणही शिकावं, असा माहा विचार आहे. हासू नको. रुपालीले अन् लहानाइले आशीर्वाद. मोठं आपल्या दोघाइपेक्षा आता कोणी राह्यलं नाही, म्हणून नमस्कार कोणाले लिहीत नाही.

तुहा,
फुलसिंग
(सप्तसूरचा मुख्य गायक, हे तू अजून कबूल केलं नाही)

ता. क. : शिकायचं लिहिलं ते खोटं आहे. माह्या बोटानं शर्टाची गुंडी लागत नाही, मी काय गिटार शिकतो? गिटार तुह्यासाठी आहे. तू म्हणशीन, बहिऱ्याले गिटार कायले? अबे, हाड ऐकते हे कोणं सांगितलं होतं? कान गेले तर गेले, जबडा तर जागेवर आहे ना? रुपालीले मी विचारून घेतलं, ती म्हणे बाबा अजूनही दातानं ऊस सोलतात. मी सोता करून पाह्यलं. लालले जबडा टेकवला, तार छेडली, तर कवळीच टकटक वाजाले लागली अन् खालची गिटारीवरच राहून गेली. विकतचे दात सूर ऐकत नाहीत, डोमाजी. हे काम तुह्याशिवाय कोणाच्यानं होत नाही. अन् आता लपवून काय फायदा, मले भेव वाटते. तू असाच दार लावून बसला, तर मी कोणाच्या सुरात राहू?

ता. क. दुसरा : एक भानगड सांगायची राह्यली. पोळ्यासाठी बैलाची शिंगं रंगवून डब्यात निळा रंग उरलता. काल मी बाजारात गेलो तेवढ्यात बिजलीबाईनं तो समदा चौपन्नचीले फासला, वरून कडेनं पिवळे ठिपके दिले. म्हणे, डोमाजीभौच्या हाती असं फुटकं-टुटकं देता काय? (मी तिले सांगितलंही नव्हतं का तुह्यासाठी आहे.) मी ओरडलो, म्हणून अबोला. मग राह्यली चौसष्टची, तर तिच्यावर माह्या कवळीचे दोन दात उमटले आहेत. म्हंजे दोन्हीपैकी एकही जशी नेली तशी राह्यली नाही, अन् दुकानात जात नाही. म्हणून कोणती ठेवू, हे आता कळवायची गरज नाही. तू येतो का नाही, एवढंच कळव. उमरखेडले गाडी बदलजो.

ता. क. तिसरा : कळवूही नको, सरळ येजो. बिजलीबाई आत्ता शेजारणीले सांगून राह्यली, मले ऐकू येईन अशा आवाजात, का परात घासून ठेवली अन् बुंदीचं बेसन आणलं.