चुकांची कॅसेट

मॅडम,

ही हाक तुम्हाला कधीच आवडली नाही. "मी कुणाची मॅडम नाही, सरळ नावानं बोलव," असं तुम्ही पहिल्याच शनिवारी बजावलं होतंत. द हेगच्या त्या छोट्या स्टुडिओत सगळे तुम्हाला नावानंच बोलवायचे, पण आईच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारायची म्हटलं की माझी जीभच वळायची नाही. आज मराठीत लिहितोय. म्हणजे तुम्ही असतात तरी तुम्हाला हे वाचता आलं नसतं. ती सोय मी मुद्दाम पाहिली आहे.

सध्या इथे सगळं बंद आहे. कोरोनामुळे ऑफिस द हेगला लागूनच्या रायस्वाइकमधल्या आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर आलंय. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मुलीची शाळा आणि मधे वरणाचं पातेलं. अशातच गेल्या महिन्यात तुमच्या मुलीची मेल आली. घरात अडकल्यामुळे तिनं तुमची खोकी उघडली, त्यात माझं व्हिजिटिंग कार्ड सापडलं. तिनं लिहिलंय, "आईचे फोटो ढीगभर आहेत, पण तिचा आवाज आता आठवत नाही. माझ्या मुलीनं तर तो कधी ऐकलेलाच नाही. तुमच्याकडे एखादं रेकॉर्डिंग आहे का?"

आहे. एक कॅसेट आहे.

तुम्ही कोण होतात याची मला आधी काही कल्पना नव्हती. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. परक्या गावात शनिवार खायला उठायचा म्हणून स्थानिक रेडिओवरच्या तुमच्या इंग्रजी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग सांभाळायला आलो. तुम्ही इंग्लंडमध्ये आधी रेडिओवर श्रोत्यांची पत्रं वाचायचात, मग टीव्हीवर वर्षानुवर्षं संध्याकाळचा मुलांचा कार्यक्रम केलात, लोक रस्त्यात थांबवून सही मागायचे. पुढे चाळिशी उलटली आणि टीव्हीवाल्यांना ताजा चेहरा हवासा झाला. हे सगळं मला तुमच्या स्वयंपाकघरात कळलं, तेही मी चहात साखर किती घालतो यावरून तुम्ही मला झापत असताना. "रेडिओला चेहरा लागत नाही," म्हणालात, आणि नवऱ्यामागे या देशात आल्यावर पुन्हा माइकसमोर बसलात.

बसण्याआधी तुम्ही घड्याळ आणि कानातलं काढून ठेवायचात, आवाज होऊ नये म्हणून. कोमट पाण्याचा ग्लास डावीकडे, हातात दोरीचं जुनं स्टॉपवॉच. कार्डांवर पेन्सिलीनं बारीक रेघा असायच्या, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या. एकदा तुमचा घसा बसला म्हणून सूचना वाचायला मला बसवलंत. मी आमच्याकडच्या जयंतीच्या स्टेजवर असतो तसा छाती फुगवून सुरू झालो. तुम्ही काचेवर टकटक केलंत.

"कुणाशी बोलतोयस?"

"सगळ्या श्रोत्यांशी."

"तिथे गर्दी नाहीये. स्वयंपाकघरात एक बाई भांडी पुसतेय. तिच्याशी बोल. आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहू नकोस, तिला वाटेल रेडिओ बिघडला."

परवा आमच्या लोकांची बुद्धपौर्णिमा ऑनलाइन झाली. निवेदन माझं होतं. बेस्ट नावाच्या इथल्याच गावातल्या एका काकूंनी फोन करून सांगितलं, "अगदी माझ्याशीच बोलल्यासारखं वाटलं हो!" मी नुसतं थँक यू म्हणालो. कुणी शिकवलं ते सांगितलं नाही.

रेकॉर्डिंग शनिवारी सकाळी व्हायचं, कार्यक्रम रविवारी लागायचा. मधल्या वेळात मी तो कम्प्युटरवर कापून साफ करायचो. शेवटच्या वर्षात कापण्यासारखं वाढत गेलं. हवामान तुम्ही दोनदा सांगायचात. समोर बसलेल्या पाहुण्याचं नाव तोंडात यायचं नाही. एकदा आमच्या केंद्राऐवजी इंग्लंडमधल्या जुन्या केंद्राचं नाव घेतलंत आणि पुढे बोलत राहिलात. मी ते सगळं इतकं सफाईनं काढायचो की ऐकणाऱ्याला शंका येऊ नये. तुम्हालाही येऊ नये. तिकडे इंग्लंडमध्ये तुमच्या मुलीला तुमच्या फोनवरून वाटत होतं, आईचा कार्यक्रम दर रविवारी ठरल्या वेळी लागतोय, म्हणजे आई ठणठणीत आहे. ते मी माझ्या हातचं चांगलं काम समजत होतो आणि त्याचा मला अभिमानसुद्धा होता.

कापलेले तुकडे मात्र मी टाकले नाहीत. इंग्लंडमध्ये वर्षाअखेरच्या पार्टीत सगळ्यांच्या चुकांची टेप लावायची पद्धत होती, हे तुम्हीच रंगवून सांगितलं होतंत. ज्याची थट्टा होत नाही तो कुणाचा लाडका नसतो, म्हणाला होतात. मला वाटलं, आपण तुमची परंपरा इथे सुरू करू. बाकीच्यांच्या चुका थोड्या होत्या. तुमच्या एवढ्या होत्या की एक अख्खी कॅसेट भरली.

पार्टीत ती लावली. लोक पोट धरून हसले. तुम्हीही हसलात, डोळे पुसलेत. मग खुर्ची माझ्याकडे सरकवलीत आणि हळूच विचारलंत, "हे सगळं माझंच?"

मी मान हलवली.

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

आवाजात राग नव्हता. थोड्या वेळानं पर्समधून स्टॉपवॉच काढून तुम्ही माझ्या हातात दिलंत. भेट आधीच ठरवून आणली होतीत, दोरीला लाल फीत बांधलेली होती. पुढच्या शनिवारी तुम्ही आला नाहीत. काही महिन्यांनी मुलगी येऊन तुम्हाला इंग्लंडला घेऊन गेली, आणि दोनेक वर्षांनी तुम्ही गेल्याचं रेडिओ स्टेशनवर कुणीतरी सांगितलं. मी एकदाही फोन केला नव्हता. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, ही सबब मी इतक्या वेळा वापरली की ती मला खरीच वाटायला लागली.

स्टेशन नंतर बंद पडलं. तुमचे चांगले कार्यक्रम जागा हवी म्हणून पुसले गेले होते. राहिली ती ही कॅसेट.

मेल आल्यावर मी माळ्यावरचा टेपरेकॉर्डर खाली काढून ती लावली. मला वाटलं, मुलगी अभ्यासात आहे. ती कान देऊन ऐकत होती.

"बाबा, हू इज दॅट ओमा? शी साउंड्स सो नाइस." आजीला इथली मुलं ओमाच म्हणतात.

मग टेपजवळ येऊन, "अँड दॅट्स यू! यू आर लाफिंग सो हार्ड."

मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो की मी फक्त कापत होतो, हसले ते बाकीचे. पण रेकॉर्डिंगच्या वेळी काचेपलीकडचा माझा माइक उघडा राहिला होता.

बायको म्हणाली, "अरे, त्यांच्या मुलीला फक्त आईचा आवाज हवाय. देऊन टाक ना."

"त्यात त्यांचं हसं होतंय. मुलीला काय वाटेल?"

"मग तुझं हसणं काप. तुला येतं की ते."

प्रयत्न केला. बरेच दिवस केला. तुमचा आवाज माझ्या हसण्याखाली आहे, एक काढला की दुसरा जातो. शेवटी मी तुमच्या मुलीला लिहिलं, फार वाईट वाटतं, पण माझ्याकडे काहीही शिल्लक नाही. तिनं उलट माझेच आभार मानले. बायकोला मी सांगितलं की हे तुमची अब्रू राखायला केलं. तुम्हाला तरी खोटं सांगत नाही. मला माझी राखायची होती.

एक तुकडा मी पुन्हा पुन्हा ऐकतो. सकाळचे दहा वाजलेत, तुम्ही कार्ड हातात घेता आणि जुन्या, तरण्या आवाजात म्हणता, "गुड ईव्हनिंग, चिल्ड्रन." मग माझं हसणं सुरू होतं. आज मी तुमचं स्टॉपवॉच लावून पाहिलं. एकोणीस सेकंद. तेवढा सगळा वेळ तुम्ही गप्प आहात, आणि मग विचारता, "झालं तुझं? घेऊ या पुन्हा?"