बेस आठवर

३ फेब्रुवारी, सोमवार
माझा आवाज पातळ आहे! काल रेडिओवर माझा पहिला कार्यक्रम झाला – दर रविवारी दहा मिनिटं, शाळेतल्या जुन्या कविता, थेट प्रक्षेपण. घरी येऊन हिला विचारलं, "कसा वाटलो?" ही भांडी पुसत म्हणाली, "बाटलीत अडकलेल्या डासासारखे." पंचेचाळीस वर्षांच्या संसाराचं फळ!
केंद्राच्या बाईंनी वर अट घातलीय – "आजोबा, आणखी दोन रविवार बघू. फोन, पत्रं आली तर ठीक. नाहीतर ती वेळ गाडीची निगा सांगणाऱ्या मेकॅनिकला." कवितेच्या जागी कार्ब्युरेटर!

५ फेब्रुवारी, बुधवार
मोजपट्टीला भेटलो. केंद्राचा तंत्रज्ञ. खरं नाव वेगळं, पण चहातली साखरसुद्धा मोजतो, म्हणून मोजपट्टी. त्याने यंत्र दाखवलं. काळं कपाट, त्यात लुकलुकणारे दिवे. आपला आवाज बाहेर जाण्याआधी यात शिरतो. हे त्याचे पट्टे पाडतं – खालचा जाड, म्हणजे बेस, मधला, वरचा बारीक – आणि एकेकाला चढवतं, उतरवतं. हळू बोललात तर उचलतं, ओरडलात तर दाबतं. अगदी आमची ही!
"बेस वाढव की जरा," मी म्हटलं.
"दोनवर आहे, दोनवरच राहणार. तुमच्यासाठी वाढवला की सगळ्यांचा वाढतो. आणि तुमच्या आवाजात खाली काही नाहीच आजोबा. नसलेलं कुठून वाढवू?"
नसलेलं! उद्धट माणूस.
शाळेतल्या आमच्या मास्तरांच्या आवाजात होतं. एका वर्षी आम्हाला मधल्या सुट्टीनंतर रोज कवितेचा तास असे. रोज! ते म्हणू लागले की खिडकीची काच थरथरायची. "कविता रिकाम्या पोटी म्हणावी, आवाज खोल लागतो," असं म्हणून सुट्टीतच आपला डबा माझ्याकडे सरकवायचे. मी चाटूनपुसून संपवायचो – काव्याची सेवा म्हणून! तो नियम मी आजही पाळतो. रविवारी वाचून होईपर्यंत तोंडात घास नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
नसलेलं म्हणे!

९ फेब्रुवारी, रविवार
केलं! मोजपट्टी चहाला गेला आणि मी बेसचं बटण दोनवरून थेट आठवर नेलं. हेडफोनमध्ये माझाच आवाज – जणू विहिरीतून मास्तर बोलताहेत! प्रत्येक कडव्यानंतर हेडफोन कानांवरून सरकवून त्यांच्यासारखा लांबलचक थांबलो. स्वर्ग!
माझ्यामागून बातम्या वाचणारी ती चिमणीसारखी मुलगी बसली. हवामानाचा अंदाज शाप दिल्यासारखा गेला. "उद्या आकाश निरभ्र राहील" ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. मोजपट्टी कप घेऊन धावत आला, अर्धा चहा शर्टावर. किती सांडला हे तो नक्की सांगू शकेल.

१० फेब्रुवारी, सोमवार
ही म्हणाली, "कविता छान झाली हो. पण मधे मधे कुत्रा कोणाचा गुरगुरत होता?"
कुत्रा?

१२ फेब्रुवारी, बुधवार
सतरा फोन, चार पत्रं! सगळी कुत्र्याबद्दल. एकाच्या मते तो वाघ. एका बाईंचा नातू पलंगाखाली जाऊन बसला, तो लाडू दाखवूनही निघेना.
केंद्राच्या बाईंच्या खोलीत मोजपट्टीने ध्वनिमुद्रण लावलं. कडवं संपलं. शांतता. मग – गुर्रर्र...
"हे तुमचं पोट आहे आजोबा," तो म्हणाला. "तुम्ही थांबलात की यंत्राला वाटतं, आवाज हळू झाला. ते उचलायला बघतं. उचलायला होतं काय? पोट! त्यात बेस आठ!"
बाई हसता हसता खुर्चीतून घसरल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "मेकॅनिकला एकवीस लोकांनी कधी विचारलं नसतं. कार्यक्रम चालू ठेवा. पण बेसला हात लावायचा नाही. आणि येताना खाऊन या."
पहिलं कबूल. दुसरं – मुळीच नाही! मास्तरांना काय तोंड दाखवू?

१६ फेब्रुवारी, रविवार
निघताना थोरल्या बहिणीचा फोन. आमची शाळा एकाच खोलीत चार वर्गांची, त्यामुळे तीही तिथेच.
"ती गुरगुर तुझीच ना रे? मला मास्तर आठवले. त्यांचं पोट अस्संच वाजायचं."
"आवाज खोल लागावा म्हणून उपाशी राहायचे ते."
"वेडा आहेस. त्या वर्षी बाबांचं काम गेलं होतं. मी मैत्रिणींच्या डब्यात जेवायचे. तू मेलास तरी कोणाकडून घास घेतला नसतास. रोज कवितेचा तास कुठल्या शाळेत असतो रे?"
"तुला माहीत होतं?"
"सगळ्या खोलीला माहीत होतं. तुला सोडून."
पोटभर खाऊन गेलो. बेस दोनवर. पहिल्या कडव्यानंतर थांबलो, तर यंत्राने माझं नाक ओढणं उचललं. उचलू दे.