दवाखान्यासारखा न दिसणारा फूड हॉल

२ जानेवारी
आजपासून दात बंद. यापुढे डेंटल क्लिनिकचं इंटिरियर करणार नाही म्हणजे नाही. आजवर दुसरं काही केलंच नाही, कारण कामं सगळी घरच्या ओळखीतली. बाबा दातांचे डॉक्टर, दादा दातांचा डॉक्टर, वहिनीसुद्धा दातांचीच. मला त्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली नाही, म्हणून मी त्यांच्या भिंती सजवत राहिलो. बाबांच्या मते मी अजून वेटिंग लिस्टवर आहे.

पण आता रिसॉर्ट! मालकांचा स्वतःहून फोन आला. त्यांच्याकडे एक रिकामा बॅडमिंटन हॉल आहे, त्याचा फूड हॉल करायचाय. कडेने वेगवेगळ्या पदार्थांचे काउंटर, मध्ये बसायची सोय. त्यांनी माझं काम पाहिलंय. कुठे, तर दादाच्या क्लिनिकमध्ये, दाढ दुखत होती तेव्हा. तरी यात दादाचं श्रेय काही नाही. त्याने फक्त दाढ पाहिली.

संकल्प: हॉलला दवाखान्याचा वाससुद्धा येता कामा नये.

३ जानेवारी
जेवताना सगळ्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, करून बघ, नाहीतर दादाची दुसरी ब्रँच आहेच. मला राग आला. भर टेबलावर जाहीर केलं की हे काम फसलं तर दादाची ब्रँच निमूट करून देईन आणि पुन्हा डिझाइनचं नाव काढणार नाही. दादा लगेच बरं म्हणाला. इतक्या लगेच म्हणायची गरज नव्हती.

मला एवढंच हवंय की बाबांनी माझं एखादं काम बघावं आणि विचारावं, हे तू केलंस? आजवर त्यांनी माझ्या क्लिनिकांमध्ये फक्त पेशंट पाहिले.

८ जानेवारी, दुपार
साइटवर गेलो. हॉल उत्तम, उंची भरपूर. शेफ मात्र व्यवहारी माणूस. धूर कुठून बाहेर जाणार, गरम भांडी कुठे ठेवणार, असले प्रश्न. सांगितलं, आधी संकल्पना. माझी संकल्पना एकाच शब्दात आहे: निश्चिंत. आत येणाऱ्या माणसाची भीती गेली पाहिजे. शेफ म्हणाला, जेवायला येणाऱ्याला भीती कसली? म्हटलं, ती आत असते, दिसत नाही. तो छताकडे बघत धुराची वाट शोधायला निघून गेला. पटलं असावं.

१५ जानेवारी
रंग ठरला. शेफला लाल हवा होता, म्हणे लाल रंगाने भूक लागते. मी साफ नाही म्हटलं. लाल बघितला की लोकांना रक्त आठवतं. ठेकेदाराने विचारलं, कुणाचं? असल्या लोकांबरोबर काम करायचं म्हणजे नाकी नऊ येतात.

फिकट पुदिना हिरवा नक्की केला. वर चकचकीत लॅमिनेट, पटकन पुसता येईल असं. बायकोने विचारलं, कशाचे शिंतोडे उडणार आहेत? ती शाळेत गणित शिकवते. कल्पनाशक्तीचा आणि तिचा संबंध येत नाही.

२४ जानेवारी
लाइट. हॉटेलांत सगळीकडे तो पिवळा अंधार असतो, आपण काय खातोय कळत नाही. माझा दिवा पांढरा, प्रखर, प्रत्येक खुर्चीवर एक, हवा तसा वाकवता येणारा. इलेक्ट्रिशियनने विचारलं, झोत ताटावर की तोंडावर? क्षणभर विचार केला. ताटावर सगळेच पाडतात. तोंडाचा विचार आजवर कुणी केलेला नाही.

२ फेब्रुवारी
खुर्ची! आज मी स्वतःवरच खूश आहे. नेहमीच्या खुर्चीत माणूस वाकून जेवतो, पाठीचं वाटोळं होतं. माझी खुर्ची मागे झुकते, डोक्याला उशी, पायांना टेकू. नमुना आला तसं ठेकेदाराला बसवलं. पाठ टेकताक्षणी त्याचं तोंड आपोआप उघडलं. याला म्हणतात आराम.

एकच अडचण, त्याचा हात टेबलापर्यंत पोचेना. त्यावरही तोडगा काढला. टेबलच काढून टाकलं. ताट आता खुर्चीला जोडलेल्या दांडीवर, फिरवून पुढ्यात घ्यायचं. डाव्या हाताला छोटं बेसिन, शेजारी पेला. जेवण झालं की जागेवरच चूळ भरायची. हे जगात कुठे असेल असं वाटत नाही.

बायकोला फोटो दाखवला. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, कर, कर. जोडीदाराचा पाठिंबा असला की काम कसं होतं बघा.

९ फेब्रुवारी
काउंटरपाशी झुंबड उडू नये म्हणून बाहेर बाक टाकले. टोकन घ्यायचं, माशांची टाकी बघायची, जुनी मासिकं चाळायची. नंबर पुकारला की एकेकाने आत. मालक म्हणाले, अहो, कुटुंबं येतात, एकेकाने आत कसं जायचं? म्हटलं, प्रायव्हसी. प्रत्येक काउंटरला धुरकट काचेचं पार्टिशनही दिलंय. मालकांनी कपाळाला हात लावला. पण फर्निचर अर्धंअधिक बसलंय, त्यामुळे पुढे काही बोलले नाहीत.

शेफने माझ्याशी बोलणं सोडलंय. शेजारी उभा राहून ठेकेदाराला सांगतो, यांना सांगा. कपडे पांढरे आहेतच, फक्त मास्क घाला, एवढंच मी सुचवलं होतं. कलाकाराचा स्वभाव, मी समजू शकतो.

१३ फेब्रुवारी
दादा न बोलावता साइटवर आला. दारातच थांबला. मग सगळीकडे फिरला, एकेका खुर्चीत बसून पाहिलं, बेसिनचं पाणी कुठून जातं ते विचारलं. पावलांनी दोन खुर्च्यांमधलं अंतर मोजलं, फोटो काढले आणि घाईने निघून गेला. पोटात दुखतंय त्याच्या. साहजिक आहे.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
उद्घाटन झालं. प्रतिसाद एकंदरीत शांत आणि विचारी.

दारातून आत येताच लोकांचे आवाज खाली जात होते. असा आदर मी कुठल्या हॉटेलात पाहिलेला नाही. एका लहान मुलीने माशांच्या टाकीच्या स्टँडचा पाय घट्ट धरला आणि आत येईना. तिच्या आईला समजावलं की मुलं भव्यतेला बिचकतात. एक आजोबा खुर्चीत बसले, दिवा लागला, त्यांनी कवळी काढून पेल्यात ठेवली आणि आ केला. वाढपी सूप घेऊन समोर उभा. काय करावं त्याला कळेना. शेवटी त्याने एक चमचा तोंडात घातला. आजोबा म्हणाले, अजिबात दुखलं नाही.

बाहेर पडताना एका बाईंनी विचारलं, आता किती वेळाने खायला हरकत नाही?

बाबा आले होते. त्या आजोबांची कवळी न्याहाळून गेले. गर्दीत बाकी दिसणार तरी काय?

२१ फेब्रुवारी
मालकांचा फोन नाही. कामात असतील.

२५ फेब्रुवारी
मीच जाऊन आलो. शेफने लॉनवर टेबलं मांडलीत आणि पाहुणे तिकडेच जेवतायत. हसतायत, एकमेकांच्या ताटातलं खातायत, पोरं पळतायत. नुसता गोंधळ. हॉल रिकामा. लोकांना त्याची ओढ लागावी म्हणून थोडे दिवस बंद ठेवला असणार. मला आधी विचारायला हवं होतं, एवढंच.

घरी आल्यावर बायको चहा घेऊन शेजारी बसली. हसली असती तर बरं वाटलं असतं.

२ मार्च
मालकांनी बोलावलं. गेलो तर दादा आधीच तिथे बसलेला. हॉल दादाला द्यायचं ठरलंय. सुट्टीवर आलेल्या लोकांनी जाता जाता दातही करून घ्यावेत, अशी योजना. दादा म्हणाला, एक खिळासुद्धा हलवायला नको, पार्टिशनपण बरोबर मापात आहेत. मालक माझा हात हातात धरून आभार मानत होते, त्यांचे पैसे बुडायचे वाचले. दादाने पाठीवर थाप मारली. म्हणाला, दुसरी ब्रँच तू करून देणार म्हणालास, पण इतक्या लवकर देशील असं वाटलं नव्हतं.

मी फूड हॉल केला होता. हे तिथे कुणाला सांगणार?

१० मार्च
क्लिनिकचं उद्घाटन. बाबांनी रिबन कापली. मग ते हळूहळू सगळा हॉल फिरले. भिंतीवरून हात फिरवला, दिवा वाकवून पाहिला, नळ सोडून पाहिला. शेवटी एका खुर्चीत मागे टेकून बसले. मला जवळ बोलावलं आणि विचारलं, हे सगळं तू केलंस?

म्हटलं, हो.

म्हणाले, असं क्लिनिक मला आयुष्यात मिळालं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले. आनंदाने की कशाने, मला सांगता येणार नाही. हे वाक्य ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो, आणि ते माझ्या फूड हॉलमध्ये, दादाच्या खुर्चीत बसून आलं.

मग त्यांनी विचारलं, मग इतके दिवस फूड हॉल, फूड हॉल काय लावलं होतंस?

म्हटलं, काही नाही, असंच.