नापसंत लेख

दादा,

आमटी गरम करून घे. मी उल्हासनगरला सायबर कॅफेत जातेय.

नेटवरच्या त्या कंपनीने नोकरीआधी नमुना म्हणून माझ्याकडून मधुमेहावर लेख घेतला आणि नापसंत असल्याचं कळवलं, आठवतंय ना? काल तोच त्यांच्या साइटवर दिसला. शब्द न् शब्द माझा, नाव मात्र कुणा सुचेताचं. वाईट होता तर छापला कशाला? चांगला होता तर मला का नाही घेतलं? डोकंच चालत नाही.

आता दुसऱ्या कंपनीलाही फुकट नमुने हवेत. तू म्हणालास तसा त्यांचा पत्ता, फोन विचारला, तर गप्प. त्यांना नाही म्हणून कळवते आणि त्या लेखाची प्रिंट काढून आणते.

आईला एवढ्यात सांगू नकोस. मधुमेह असून ती गूळ लपवून खाते, ते मी लेखात ‘माझी आई’ म्हणून लिहिलंय. आता ती सुचेताची आई झालीय.

वैष्णवी