पूर्णगडच्या वाळूतली अंडी

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुधा मला हे लिहिता येतंय. पौषातली ती सकाळ आठवते. आई बाळंतपणातून उठलीच नव्हती. मूल गेलं होतं आणि पेजेचा वाडगा धरण्याइतकंही बळ तिच्या हातांत नव्हतं. शेजारची काकी म्हणाली, "कासवाची अंडी उकडून द्या, उभी राहील ती." उजाडताना तुम्ही टोपली घेऊन पूर्णगडच्या किनाऱ्यावर निघालात, मी मागोमाग. होडी ओढत नेल्यासारखा माग वाळूत उमटला होता आणि त्याच्या टोकाला कासवीण अजून बसलेली. खड्ड्यात लिंबाएवढी पांढरी अंडी पडतायत, दोन-दोन, तीन-तीन, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. आपण हाताच्या अंतरावर, पण तिला आपलं भानच नव्हतं. तिने खड्डा बुजवला, अंगाने वाळू थापटली आणि मागे न बघता पाण्यात गेली. तुम्ही टोपली उचललीत, रिकामीच.

"बाबा, अंडी?"

"रडत होती गो ती. माझ्याच्यान नाय व्हायचं."

माघात आई गेली. अंड्यांनी ती वाचली असती का, कोण जाणे. तेव्हा मात्र वाचली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तेरावं झालं त्या दुपारी मी एकटीच गेले आणि खड्डा उकरला. अंड्यांची टरफलं चामड्यासारखी मऊ. शंभरेक असतील. सगळी कावळ्यांपुढे टाकली. एक हातातच फाटलं. आत एवढंसं कासव होतं, डोळ्यांसकट. मग वाळू पुन्हा सारखी केली.

फाल्गुन लागला तसे तुम्ही रोज सकाळी तिथे जाऊन बसायला लागलात. "पन्नास-पंचावन्न दिवसांत पिल्लं निघतात," म्हणायचात, "आई जवळ नसते, तरी सरळ दर्याकडे जातात." शिमगा उलटला, वाळू तापायला लागली, तरी जात होतात. एकदा म्हणालात, "चल की गो सोबतीला." मी म्हटलं, घरात काम आहे. काम नव्हतं. केवड्याच्या आडून मी तुमची पाठ बघत होते.

हा कागद पाठवायला पत्ता नाही. आणि असता, तरी मी पाठवला नसता. तुम्ही घरी आलात की मी विचारायचे, "निघाली काय?" तुम्ही नाही म्हणून नुसती मान हलवायचात. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मी रोज विचारलं, बाबा.