तुझ्या कानाचं कारण

प्रिय पाणकोंबडे,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण चांगल्या कागदावरची खाडाखोड मला बघवत नाही, म्हणून राहू दिलंय. त्याचा भलता अर्थ काढू नकोस. मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे आणि हे पत्र संपेपर्यंत राग उतरेल अशी काही चिन्हं नाहीत. परवा तुझा निरोप आला तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनवर होते. ‘तू जाऊन ये ना, मजा कर, मला फोटो पाठव.’ आणि पुढे तो हसरा पिवळा चेहरा. वाचता वाचता हात असा काही दाबला गेला की एका गिऱ्हाइकाच्या काचेचा कडेने टवका उडाला. गिऱ्हाईक बिचारं बाहेर आरशासमोर वाट पाहत बसलं होतं. त्याला सांगितलं, मशीन बिघडलंय. मशीन ठणठणीत आहे.

फोटो पाठव म्हणे! समुद्रात तोंड खुपसून मासे बघायचं हे खूळ मुळात कुणाच्या डोक्यातलं? माझ्या? मला मासे ताटात दिसले तरी पुरे होतं. चाळिशी उलटल्यावर आपण पोहायला शिकलो, बायकांच्या वेळेत, तरणतलावाच्या उथळ टोकाला दोरी धरून. मी दोरीला लोंबकळत राहिले आणि तू बघता बघता खोल भागात पोचलीस, म्हणून तर पाणकोंबडी. पोहून झालं की आपण काठावर पाय सोडून बसायचो आणि तुझी शाळा सुरू व्हायची. तुझ्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तो प्रवाळांचा तक्ता, उन्हाने सगळे मासे एकजात निळे पडलेले, आणि त्यावर पट्टी ठेवून तू वर्षानुवर्षं पोरांना शिकवायचीस. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि मागून वाळू टाकतो, लोक ज्या पांढऱ्या वाळूवर हौसेने लोळतात ती त्याच्या पोटातून आलेली असते, हे तू मला मी खात असताना सांगितलं आहेस. एकदा एका पोरीने वर्गात विचारलं होतं, बाई, तुम्ही पाहिलाय का तो मासा? तू म्हणालीस, नाही, पण पाहणार आहे. ते सांगताना तुझा चेहरा काय झाला होता! त्याच दिवशी मी ठरवलं की हिला एकदा तरी तिथे न्यायचंच. तेव्हा हे खूळ तुझं आहे, मी फक्त हमाल.

आणि हमाली कमी केली नाहीये. आधी त्या बाजारातल्या पर्यटनवाल्याकडे गेले. काचेच्या टेबलाखाली कासवाचं चित्र, टेबलावर प्लास्टिकचं कासव, आणि पहिलं वाक्य काय, तर कासव पक्कं, मॅडम, दिसलं नाही तर पुढची फेरी आमच्याकडून. मी म्हटलं, कासवाने तुम्हाला लिहून दिलंय का? तो हसला. मग म्हणाला, आम्ही पाव टाकतो, मासे नुसते अंगाशी येतात, हातात धरून फोटो काढा. तुझ्या सगळ्या व्याख्यानांचा तिथे असा उपयोग झाला म्हणून सांगू! पाव खाऊन माशांची पोटं बिघडतात, मग ते शेवाळ खायचं सोडतात, मग शेवाळ प्रवाळांवर चढतं, सगळं सगळं त्याला ऐकवलं. उभं राहून. बाकीची गिऱ्हाइकं ऐकत होती. शेवटी त्याने मला खुर्चीवरून उठायला सांगायची वेळच आली नाही, मीच उभी होते.

मग शोधता शोधता ती कप्तानबाई सापडली. सगळे तिला तेच म्हणतात, मीही म्हणते. स्वतःची लहानशी बोट आहे, मोजकी माणसं घेते, आणि फोनवर मला तिने अशी फैलावर घेतली की मला ती लगेच आवडली. कासवाची खात्री देणार का विचारलं, तर म्हणाली, मी फक्त पाण्याची खात्री देते. पोहता येतं का, कशाची भीती वाटते, चष्मा आहे का, कधी मोठं दुखणं झालंय का, सगळं विचारलं. तुझ्या वतीने मी उत्तरं दिली. भीती कशाचीच नाही, म्हटलं. दुखणं काही नाही, फक्त कान. सकाळी लवकर निघायचं, वारा सुटायच्या आत पहिल्या खडकापाशी पोचायचं, तिथे उथळ पाण्यात नळीने श्वास घ्यायची सवय करायची, मग जरा पुढे गवताळ तळ आहे तिथे कासवं चरायला येतात, त्यांच्या वर तरंगायचं, पाठलाग करायचा नाही, हात लावाल तर बोटीत बसवून ठेवीन. दुपारी सावलीला विश्रांती, येताना पाकट मासे दिसतात ती जागा. मी हे सगळं ऐकताना तुझंच तोंड डोळ्यांसमोर आणत होते, मूर्ख मी.

आणि तुझा चष्मा! चष्म्याशिवाय तुला समोरचा नवरा ओळखू येत नाही, मासे काय दिसणार कपाळ? म्हणून पाण्यातला मास्क आणला आणि त्यात तुझ्या नंबराच्या काचा मी स्वतः बसवल्या. तुझा नंबर मला कागद न बघता येतो. मास्कच्या काचेला आतून चिकटवायचं म्हणजे किती नाजूक काम असतं ते तुला कळणार नाही, एक बुडबुडा राहिला की सगळं मुसळ केरात. दोनदा काढून परत बसवल्या. दुकानाच्या मालकांनी विचारलं, हे कुणाचं? नुसतं मैत्रिणीचं म्हणणं कमी वाटलं, म्हटलं, माझ्या बहिणीचं. आता तो मास्क माझ्या कपाटात आहे, माझ्या डोळ्यांना लावला की भोवळ येते, दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही.

आता येऊ तुझ्या कानाकडे. पडद्याला भोक पडलंय, डॉक्टरांनी पाण्यात जायला साफ मनाई केलीय. आधी तो डावा कान होता. मग पुढच्या वेळी बोलताना उजवा झाला. मी म्हटलं, बोलण्याच्या ओघात चुकली असेल, वय होतंय. माझा इतका विश्वास! आमच्याकडे चष्म्याला येणाऱ्या कानाच्या डॉक्टरांना मी काउंटरवर अडवून विचारलं. ते म्हणाले, नुसतं वर तरंगायचं असेल तर कानाचा साचा घेऊन बोळा करता येतो, पण आधी कान बघू द्या. तुझ्यासाठी वेळ घेतली. तू आली नाहीस, शाळेत परीक्षा होत्या. काचेच्या तळाच्या बोटीची चौकशी केली, म्हटलं निदान कोरडी बसून तरी बघेल. तीही तुला नको होती, बोट लागते म्हणालीस. तुला! झुल्यावर उलटं लटकून बोरं खाणारीला बोट लागते! भावजींना फोन केला की ते म्हणायचे, ती झोपलीय. दिवसाढवळ्या, कधीही केला तरी झोपलेलीच. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, आवाज चिरकतो. आणि तुझी लेक, जिला मी मांडीवर खेळवलं, तिला मी विचारलं की आईचा कान कसा आहे, तर ती म्हणाली, कान? कसला कान, मावशी? आणि मग घाईघाईने, हो हो, कान, बराय आता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की इथे काहीतरी शिजतंय. मला वाटलं, तुला आता मी नको झालेय. भावजींची बदली झाली, नवं गाव, नवी शाळा, नव्या मैत्रिणी, जुनी चष्मेवाली कशाला हवी? कितीतरी दिवस मी हेच घोळवत बसले होते, आणि तू मला खुशाल घोळवू दिलंस.

गेल्या आठवड्यात कप्तानबाईचा परत फोन आला. तिच्या बोटीवर उन्हाचं मलम चालत नाही, ते पाण्यात उतरतं आणि प्रवाळांना बाधतं, म्हणून सगळ्यांनी गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकणारा पोहायचा पोशाख घालायचा, पुरुष असो की बाई. भाड्याचे असतात पण ढगळ असतात, शिवून आणा म्हणाली. मी गेले आपल्या शिलाईकाकूंकडे. अजूनही तीच बोळातली खोली, तेच मशीन, कापडाच्या चिंध्यांवर झोपलेलं मांजर. म्हटलं, दोघींचे शिवायचे, माझं माप घ्या, तिचं तुमच्याकडे आहेच, आणि तिला आधी सांगायचं नाही, कापड समोर धरलं की कशी नाही म्हणते बघू. काकू तोंडात टाचण्या धरून काम करत होत्या. तशाच म्हणाल्या, अगं, तिचं जुनं माप आता कसं चालेल? मागे आली तेव्हा सगळ्या आतल्या कपड्यांना डाव्या बाजूला कापसाची गादी शिवून दिली ना मी. पाण्यात ती भिजून जड होईल, तिला विचार काय करू.

काकूंचा काही दोष नाही. इतकी वर्षं दोघींची मापं मीच सांगत आले, मला माहीत नसेल हे त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. मी म्हटलं, हो की, विसरलेच, विचारून सांगते. बाहेर आले आणि समोरच्या बटणांच्या दुकानात बटणं बघत उभी राहिले. दुकानदाराने काय हवं विचारलं, तेव्हा चालू पडले. तू गावात येऊन गेलीस. कापून काढल्यावर, एवढं सगळं सोसल्यावर, त्या बोळापर्यंत आलीस आणि तिथून हाकेच्या अंतरावर माझं दुकान असून माझ्या दारात पाऊल टाकलं नाहीस. तुझं शरीर, तुझी गोष्ट, कुणाला सांगायची ते तू ठरवणार, हे मला कळतं. भांडकुदळ असले तरी अडाणी नाहीये. पण मी ‘कुणी’ कधीपासून झाले? माझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा तू मला महिनाभर न्हाऊ घातलंस. माझं सुटलेलं पोट, पोटावरचा तो वेडावाकडा व्रण, सगळं तुझ्यासमोर उघडं होतं, आणि तू पाठ चोळत पोपटमाशाचं बोलत होतीस. मी लाजले का? मग तुझ्या वेळेला मला का वगळलंस? औषधांनी तुला मळमळत असेल, केस गेले असतील, तेव्हा मी इथे लोकांना सोनेरी काडी बरी दिसते की काळी, ते सांगत होते. कीव करीन असं वाटलं तुला? रडत बसेन? हो, रडले असते. मग तोंड धुऊन तुझ्याकडे आले असते. तेवढा हक्क तू माझा काढून घेतलास, त्याचा मला राग आहे, आणि तो दोन दिवसांत जाणारा नाही. भेटशील तेव्हा आधी भांडणार आहे. भावजींनाही सोडणार नाही, सांगून ठेव.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण तू लगेच ‘मी मजेत आहे गं’ म्हणाली असतीस आणि मी परत विश्वास ठेवला असता. समोर येऊन बोलले असते तर तुला माझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं, मी कुठे बघतेय ते बघावं लागलं असतं. म्हणून पत्र. एकटीने वाच, हवं तर फाडून टाक, तुला माझ्याशी याबद्दल एक अक्षरही बोलायची सक्ती नाही. कप्तानबाईला मी तारीख मोकळी ठेवायला लावलीय. तुझा डॉक्टर आता हो म्हणाला तर आता, नाही तर तो म्हणेल तेव्हा, पण मी एकटी जाणार नाही आणि कसलेही फोटो येणार नाहीत. बोटीवर सगळे गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेले असतील. गादी हवी असेल तर काकू पाण्यात भिजणार नाही अशी काहीतरी शोधतील. नको असेल तर एक बाजू सपाट शिवतील. तुला पाण्यातच उतरायचं नसेल तर तेही लिही, पण कान म्हणून नको, खरं लिही, मी बोटीत तुझ्या शेजारी बसेन. काकूंनी कापड कापायचं थांबवलंय. तुझं माप पाठव. आत्ताचं.

राग न गेलेली, तरीही तुझीच,
चष्मेवाली